विंडोज बसेना, तेव्हा काय करावे?



मागे खेड्यात रेडिओ आला. मग विजेची मोटर आली, मग मोबाईल आला. आता कितीतरी घरांत संगणकही आला आहे. कोणी तो मुलांच्या अभ्यासासाठी घेतला. कोणी त्यावर दुधाचा हिशेब ठेवतो, कोणी दुकानाचा, कोणी बचत गटाचा. यंत्र म्हटले की ते कधी तरी अडणारच. गिरणी अडते, मोटर अडते, तसाच संगणकही अडतो.

त्यातला एक बिघाड नेहमी पाहण्यात येतो. जुनी विंडोज काढून नवी टाकायला घ्यावी आणि काम अर्ध्यावर थांबावे. नवी बसत नाही, जुनी उठत नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात. घरातली माणसे घाबरतात. एक म्हणतो, "मशीन गेलं." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मारा, म्हणजे झालं." या घाईत मशीन वाचते, पण आतले हिशेब आणि फोटो कायमचे जातात. म्हणून हा पाठ नीट वाचावा. घाईने वाचू नये.

१. विंडोज म्हणजे काय?

संगणकाचा एक खोका असतो. लोक त्याला सीपीयू म्हणतात. त्या खोक्यात मुख्य वस्तू तीन.

पहिली वस्तू प्रोसेसर. आकडेमोड हा करतो.

दुसरी वस्तू रॅम. हा कामाचा ओटा समजा. चालू काम या ओट्यावर पसरलेले असते. लाईट गेली की ओटा रिकामा होतो.

तिसरी वस्तू हार्ड डिस्क. ही धान्याची कणगी समजा. लाईट गेली तरी कणगीतला माल तसाच राहतो. आपले हिशेब, पत्रे, फोटो या कणगीत असतात.

आता ओटा आहे, कणगी आहे, कामकरी आहे. पण कोणी कोणते काम कधी करायचे, हे सांगायला मुकादम हवा. त्या मुकादमाला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हा असाच एक मुकादम. तो मायक्रोसॉफ्ट या कंपनीने तयार केला आहे. लिनक्स हा दुसरा मुकादम. आपल्या मोबाईलमधला अँड्रॉइड हाही मुकादमच, बरं का!

हा मुकादम डिस्कवर राहतो. मग बटण दाबल्यावर त्याला उठवतो कोण? खोक्यात जी मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर एक लहानसा कार्यक्रम कायमचा बसवलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणत. नव्या मशीनमध्ये यूईएफआय म्हणतात. लोक दोघांनाही बायोसच म्हणतात. बटण दाबले की आधी बायोस उठतो. तो मुकादमाला शोधतो, उठवतो आणि कारभार त्याच्या हाती देतो.

म्हणजे विंडोज टाकणे यात दोन कामे आली. पेन ड्राइव्हवरचा माल डिस्कवर नीट उतरवणे, हे पहिले. बायोसला तो मुकादम सापडेल अशी सोय करणे, हे दुसरे. बिघाड असतो तो या दोहोंपैकी एका कामात. हे ध्यानात आले की अर्धी भीती गेली.

२. एका गटाचे हिस्से

शेताच्या एका गटाचे भावाभावांत हिस्से पडतात. मध्ये बांध घालतात. डिस्कचेही तसेच असते. एकाच डिस्कचे दोन-तीन हिस्से केलेले असतात. हिश्शाला पार्टिशन म्हणतात. सी आणि डी हे असेच हिस्से. विंडोज बहुधा सी मध्ये असते.

कोणता हिस्सा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याचा एक तक्ता डिस्कवरच असतो. जसा गटाचा नकाशा. हा नकाशा दोन तऱ्हांचा असतो. जुन्या तऱ्हेला एमबीआर म्हणतात, नव्या तऱ्हेला जीपीटी. बायोसच्याही तऱ्हा दोन. जुनी तऱ्हा लेगसी, नवी यूईएफआय. विंडोजच्या बाबतीत जुन्या तऱ्हेला जुना नकाशा लागतो आणि नव्या तऱ्हेला नवा. तऱ्हा एक आणि नकाशा दुसरा, असे झाले की विंडोज बसत नाही. बसलेली असली तर उठत नाही.

पुष्कळ लोकांची समजूत अशी की, "माझं सगळं डी मध्ये आहे. फॉरमॅट मारला तरी डी ला काही होत नाही." ही समजूत अर्धीच खरी आहे. फक्त सी पुसला तर डी राहतो. पण सगळे हिस्से पुसले, किंवा डिस्कच खराब झाली, तर डी सुद्धा जातो. सी आणि डी या दोन कणग्या नव्हेत. एकाच कणगीचे ते दोन कप्पे आहेत.

शिवाय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही फोल्डरे बहुधा सी मध्येच असतात. पडद्यावर समोर दिसणारी फाईल सी बरोबर पुसली जाते. कित्येकांना हे ठाऊक नसते.

३. नवी विंडोज का बसत नाही?

विंडोज १० ही २०१५ साली आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबवली. त्या दिवशी विंडोज १० बंद पडली असे मात्र नाही. ती चालते. पण चोरांना नवी फट सापडली, तर ती बुजवण्याची जबाबदारी कंपनीने पूर्वीसारखी ठेवली नाही. म्हणून लोक विंडोज ११ टाकू लागले.

विंडोज ११ ही २०२१ साली आली. तिच्या अटी कडक आहेत. रॅम निदान ४ जीबी पाहिजे. डिस्क निदान ६४ जीबी पाहिजे. बायोस नव्या तऱ्हेचा, म्हणजे यूईएफआय पाहिजे. टीपीएम २.० नावाची सोय पाहिजे. टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी लहानशी तिजोरी. प्रोसेसरही फार जुना चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो.

काही मशीनमध्ये टीपीएम असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या मशीनवर त्याचे नाव पीटीटी असे दिसते. एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम असे दिसते. तो चालू केला की अडचण सुटते. पण प्रोसेसरच जुना असेल, तर बायोसमध्ये कितीही खटपट केली तरी कंपनीच्या अटी पुऱ्या होत नाहीत. आपले मशीन अटीत बसते की नाही, हे सांगणारा पीसी हेल्थ चेक नावाचा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टने फुकट दिलेला आहे. तो आधी चालवून पहावा. पेरणीच्या आधी जमीन पहावी, तसे हे.

४. एका घरातली गोष्ट

हे सगळे नीट कळावे म्हणून एक गोष्ट सांगतो.

समजा, एका गावात एक बाई महिला बचत गटाचा हिशेब ठेवतात. घरी २०१४ सालचा संगणक आहे. त्यात विंडोज १० आहे. बारा बायकांची बचत, कर्ज आणि हप्ते डी मधल्या एका फाईलमध्ये लिहिलेले. वही होती, पण ती मार्चपर्यंतचीच. पुढचे सगळे संगणकावर.

मुलाने हौसेने विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह केला. लावला. पडद्यावर आले, "हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही." मुलाने कोठे तरी ऐकले होते की यूईएफआय लागते. तो बायोसमध्ये गेला. तेथे लेगसी असे होते, ते बदलून त्याने यूईएफआय केले. तरीही तेच उत्तर. कंटाळून त्याने पेन ड्राइव्ह काढला आणि मशीन चालू केले. आता जुनी विंडोजही उठेना! पडद्यावर ओळ आली की, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"आई, डिस्क उडाली बहुतेक," मुलगा म्हणाला.

"अरे, गटाचा सगळा हिशेब त्यात आहे! परवा बैठक. बायकांना काय सांगू मी?"

"मी सगळे पार्टिशन पुसतो आणि परत विंडोज १० टाकून बघतो."

शेजारचे मोटर दुरुस्त करणारे गृहस्थ तेवढ्यात आले. त्यांना संगणकातले काही कळत नव्हते. पण यंत्र कळत होते.

"वहिनी, एवढा घोर कशाचा लागलाय?"

"बघा ना भाऊजी, मशीन उठतच नाही. आणि हा म्हणतो, सगळं पुसतो."

"थांब बाळा," ते म्हणाले. "विहिरीवरची मोटर पाणी फेकत नसली, तर मी पहिल्या झटक्याला मोटर खोलत नाही. आधी लाईट बघतो. मग स्टार्टर बघतो. मग फूटव्हॉल्व बघतो. हे सगळं नीट असलं, तरच मोटर खोलतो. जे काम परत फिरवता येत नाही, ते सगळ्यात शेवटी. मला सांग, सकाळी हे चालू होतं?"

"होतं, काका."

"मग बंद पडायच्या आधी तू शेवटचा हात कशाला लावलास?"

मुलगा विचारात पडला. "बायोसमध्ये लेगसी होतं. ते मी यूईएफआय केलं."

"मग ते होतं तसं कर. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

मुलाने तसे केले. बदल जतन करून मशीन पुन्हा चालू केले. दोन मिनिटांत जुनी विंडोज उठली. आईने फाईल उघडली. बारा जणींची खाती जशीच्या तशी होती.

झाले काय होते? डिस्कला काहीच झाले नव्हते. तिचा नकाशा जुन्या तऱ्हेचा होता. मुलाने बायोस नव्या तऱ्हेचा केला. त्याला मुकादम सापडेना, एवढेच. पण मुलाने त्या भरात सगळे हिस्से पुसले असते, तर चांगली डिस्क कोरी झाली असती. बारा घरांचा हिशेब गेला असता. आणि हिशेबाबरोबर काय जाते, हे बचत गट चालवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. विश्वास जातो.

५. तपासणी कशी करावी?

आता क्रमाने पाहू. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलली ती वहीत लिहावी. फरक पडला नाही, तर ती पूर्ववत करून पुढची घ्यावी. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि दोष कशाने आला हेही कळत नाही.

पहिले काम : पडद्यावरचे वाचा. आपण अक्षरे शिकलो ती याचसाठी. ओळ इंग्रजीत असली तरी घाबरू नये. मोबाईलने तिचा फोटो काढावा. गूगल लेन्सने ती मराठीत वाचता येते. खाली बहुधा एक खुणेचा आकडा असतो. उदाहरणार्थ, ०एक्स८००७०५७०. हा आकडा जशाचा तसा वहीत उतरावा. त्याचा अर्थ असा की, लागणारी फाईल खराब आहे किंवा वाचता येत नाही. म्हणजे पेन ड्राइव्ह, डिस्क किंवा रॅम यांपैकी कोणाचा तरी दोष. पहा, एका आकड्याने शोध किती सोपा झाला!

दुसरे काम : वीज व तारा पहा. विंडोज बसत असताना लाईट गेली, तर काम अर्धवट राहते. यूपीएस असावा. लॅपटॉप असेल तर चार्जिंगची वायर लावूनच काम करावे. खोक्यातली डिस्कची वायर सैल झालेली असू शकते. मुख्य प्लग काढूनच खोका उघडावा.

तिसरे काम : पेन ड्राइव्ह तपासा. विंडोजची फाईल मोबाईलमध्ये उतरवून नुसती पेन ड्राइव्हवर टाकली, तर चालत नाही. बायोसला ती वाचता येत नाही. त्यासाठी खास कार्यक्रमाने पेन ड्राइव्ह तयार करावा लागतो. मायक्रोसॉफ्टचा मीडिया क्रिएशन टूल हे काम करतो. पेन ड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो. त्यावर आधी असलेले सगळे पुसले जाते, हे विसरू नये.

फाईल उतरवताना रेंज गेली, तर ती अपुरी उतरते. विंडोज ११ ची फाईल पाच जीबीहून मोठी असते. म्हणून ती मोजून घ्यावी. फाईल देणारे बहुधा तिच्याबरोबर एक लांब खूण देतात. तिला एसएचए-२५६ म्हणतात. ती ६४ अंक-अक्षरांची असते. आपल्या फाईलची खूण काढून ताडून पहावी. फाईलमध्ये एवढासा फरक पडला, तरी सगळी खूण बदलते. खूण जुळली नाही, तर फाईल पुन्हा उतरवावी. बाजारातून पोते आणले की आपण तराजूवर घालतोच ना?

चौथे काम : बायोस कोणाला आधी हाक मारतो ते पहा. मशीन चालू होताना एक ठराविक बटण दाबले, की कोठून सुरू करायचे याची यादी दिसते. डेल, लेनोव्हो व एसरच्या मशीनवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९. त्या यादीत पेन ड्राइव्ह निवडावा.

येथे एक गंमत होते. विंडोज बसताना मशीन मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होते. त्या वेळी बायोसने पुन्हा पेन ड्राइव्हलाच हाक मारली, तर सगळे पहिल्यापासून सुरू होते. लोक समजतात, बिघाड झाला. बिघाड काही नाही. पहिल्यांदा मशीन पुन्हा सुरू होऊ लागले की पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. मग बायोस डिस्ककडे जातो आणि उरलेले काम पुरे होते.

पाचवे काम : डिस्क पहा. येथे तीन तऱ्हा होतात.

एक, डिस्क यादीत दिसतच नाही. वायर सैल असेल, किंवा डिस्क खराब असेल. काही नव्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा व्हीएमडी नावाचा प्रकार असतो. तेथे डिस्क चांगली असूनही दिसत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडून ड्रायव्हर नावाची फाईल घेऊन ती दाखवावी लागते. मग डिस्क दिसू लागते.

दोन, डिस्क दिसते, पण तिचा नकाशा एमबीआर असल्यामुळे बसवता येत नाही, असे उत्तर येते. त्याचा उलगडा आपण वर केलाच आहे. सगळे पुसून नवा नकाशा आखणे हा एक उपाय. पण तो आतला माल हलवल्यावरच. विंडोज १० मध्ये एमबीआर२जीपीटी नावाचे एक साधन आहे. ते माल न पुसता नकाशा बदलते. तरीही त्याच्या आधी नक्कल घ्यावीच.

तीन, डिस्क दिसते, पण काम फार हळू चालते, मध्येच अडते, किंवा आतून टकटक आवाज येतो. ही डिस्क म्हातारी झाली. तिच्यावर पुन्हा पुन्हा विंडोज टाकून पाहू नये. असेल तो माल आधी बाहेर काढावा आणि डिस्क बदलावी.

सहावे काम : रॅम पहा. दर वेळी निराळ्या ठिकाणी अडत असेल, किंवा निळा पडदा येत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा. मेमटेस्ट८६ नावाचा कार्यक्रम रॅम तपासतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एक काढून दुसरीवर मशीन चालवून पहावे. मग उलट करावे. दोषी पट्टी आपोआप सापडते.

६. सगळ्याच्या आधी नक्कल

वर सहा कामे सांगितली. पण त्यांच्याही आधीचे काम म्हणजे नक्कल घेणे. महत्त्वाच्या फाईली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात. एक नाही, दोन नकला घ्याव्यात. आणि नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून पहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेले पैसे.

"पण मशीनच उठत नाही. मग नक्कल कशी घ्यावी?" असे कोणी विचारेल. त्यालाही वाट आहे. लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करावा. लिनक्स डिस्कवर न बसवता, नुसत्या पेन ड्राइव्हवरूनच चालतो. त्याला लाईव्ह चालवणे म्हणतात. बसवण्याचे बटण दाबू नये. आपले फोल्डर उघडावे आणि फाईली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. जुन्या विंडोजवर पुसल्याशिवाय नवी टाकली असेल, तर सी मध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचे फोल्डर असते. त्यातही जुन्या फाईली सापडतात. पण काही दिवसांनी ते आपोआप पुसले जाऊ शकते. म्हणून उशीर करू नये.

काही मशीनच्या डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप असते. बायोसमध्ये बदल केला की ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असू शकते. काम सुरू करण्याआधीच ती शोधून कागदावर लिहून ठेवावी.

आणखी एक सूचना. विंडोज बसवताना डिस्कचे हिस्से सी, डी या नावांनी दिसत नाहीत. तेथे डिस्क शून्य, पार्टिशन एक, पार्टिशन दोन अशी नावे येतात. आकारावरून हिस्सा ओळखावा लागतो. म्हणून कोणता हिस्सा किती जीबीचा, हे आधीच वहीत लिहून ठेवावे. ओळख पटल्याशिवाय पुसण्याचे बटण दाबू नये.

७. जुन्या मशीनचे काय करावे?

मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाही, म्हणून ते भंगारात घालण्याचे कारण नाही. लिनक्सची वाट मोकळी आहे. फिनलंड देशातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. त्याला पैसे पडत नाहीत. लिनक्स मिंट हा त्याचाच एक सोपा प्रकार. त्याला २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असल्यास बरे. लिबर ऑफिस या कार्यक्रमात हिशेब ठेवता येतो. मराठीतही लिहिता येते.

परंतु एक गोष्ट आधीच सांगावी हे बरे. विंडोजसाठी केलेले सगळेच कार्यक्रम लिनक्सवर चालत नाहीत. दुकानाच्या हिशेबाचा खास कार्यक्रम असेल, तर आधी चौकशी करावी. छपाईचे यंत्र चालते का तेही पहावे. लाईव्ह चालवून पाहिले की हे बसवण्याच्या आधीच कळते.

आपल्या गोष्टीतल्या घरी असेच केले. आधी हिशेबाच्या दोन नकला घेतल्या. एक शेजारी उघडून पाहिली. मग लिनक्स मिंट लाईव्ह चालवला. फाईल उघडते का, बेरजा बरोबर येतात का, छपाई होते का, हे पाहिले. सगळे जमले, तेव्हाच तो बसवला. आणि मार्चनंतरचा हिशेब आईने वहीतही उतरवून काढला.

८. दुकानात जाताना

घरी जमले नाही, तर जाणत्या माणसाकडे जावे. त्यात कमीपणा नाही. पण मशीन हाती देताना तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. "आतला माल मला हवा आहे. मला विचारल्याशिवाय काही पुसू नका. काय बदलले ते पावतीवर लिहून द्या."

मशीनबरोबर खरी विंडोज आली असेल, तर तीच विंडोज पुन्हा टाकायला नवा परवाना बहुधा विकत घ्यावा लागत नाही. इंटरनेट लावले की मशीनची ओळख पटते. चोरटी विंडोज मात्र घेऊ नये. तिच्याबरोबर चोरही घरात येण्याचा संभव असतो.

अडचणीत माणूस फोन नंबर शोधतो. इंटरनेटवर सापडलेला मदतीचा प्रत्येक नंबर खरा नसतो. "तुमच्या मशीनचा ताबा द्या, ओटीपी सांगा," असे कोणी म्हणाले, की फोन ठेवून द्यावा. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सरकारी नंबरवर कळवावे.

लक्षात ठेवा

१. आधी नक्कल, मग काम.
२. पडद्यावरची ओळ वाचा आणि लिहून ठेवा.
३. शेवटी बदलले ते आधी पूर्ववत करा.
४. एका वेळी एकच बदल.
५. पुसण्याचे काम सर्वांत शेवटी.

नवे शब्द

ऑपरेटिंग सिस्टीम – संगणकाचा मुकादम.
बायोस – मुकादमाला उठवणारा लहान कार्यक्रम.
पार्टिशन – डिस्कचा हिस्सा.
लाईव्ह – डिस्कवर न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवणे.

प्रश्न

१. रॅम आणि हार्ड डिस्क यांत काय फरक आहे?
२. गोष्टीतल्या मुलाची डिस्क खराब झाली होती का? मग विंडोज का उठेना?
३. "डी मधले कधीच जात नाही" हे म्हणणे बरोबर आहे का? कारण सांगा.
४. मशीन उठत नसेल, तर आतला माल कसा बाहेर काढावा?

करून पहा

तुमच्या घरी किंवा गावच्या शाळेत संगणक असेल, तर वहीत एक पान काढा. त्यावर मशीनचे साल, रॅम किती, डिस्क किती, हिस्से किती आणि कोणती विंडोज, हे लिहा. ते पान संगणकाजवळ ठेवा. अडचणीच्या दिवशी हेच पान पहिल्यांदा उपयोगी पडेल.